नऊ म्हणजे लिहिलेलं नाही

"तुम्ही डॉक्टर नाही, पोलीस नाही आणि पेशंटच्या मावशीही नाही," एडिमू सर म्हणाले. "तुम्ही डोळे आहात. नुसते डोळे."

"आणि तोंड, सर?" स्कोव्हियाने विचारलं.

"तोंड चहाच्या सुट्टीत."

खोली हसली. अमोदिंगही हसली. म्हणजे बाकीच्यांचे ओठ हलले तेव्हा तिचेही हलले. हल्ली ती असंच करायची. कोणी हसलं की हसायचं, उठलं की उठायचं. एवढ्यावर दिवस निभावतो, कोणाच्या लक्षात येत नाही.

सोरोटीतल्या त्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, जिथे पूर्वी चादरी धुवायचे, ती खोली या कामासाठी रिकामी केली होती. भिंतीला लागून फायलींचे गठ्ठे, सुतळीने बांधलेले, काहींच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. कंपालाच्या संशोधकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. इथे बाळंतपणाला आलेल्या बायांचं आणि त्यांच्या मुलांचं पुढे काय झालं? ते या जुन्या कागदांत होतं, नर्सच्या घाईच्या अक्षरात. ते वाचून, कोड देऊन, टॅब्लेटमध्ये उतरवायचं. काम एवढंच.

"प्रत्येक प्रश्नाला आकडा," सर फळ्यावर लिहीत म्हणाले. "होय असेल तर एक. नाही असेल तर दोन. आणि लिहिलेलंच नसेल तर नऊ. हा नऊ नीट लक्षात ठेवा. नवीन माणूस पहिली चूक इथे करतो."

"कशी, सर?"

"सांगतो. ही फाईल घ्या. बाईला पिशव्यांवर पिशव्या रक्त चढवलंय. पण फार रक्त गेलं असं कुठेच लिहिलेलं नाही. मग 'रक्तस्राव झाला का' याच्यापुढे काय घालाल?"

"एक!" स्कोव्हिया म्हणाली. "उगाच कोण कोणाला रक्त देतंय? इथे तर सख्खा भाऊ देताना हात मागे घेतो."

"नऊ."

"सर, पण दिसतंय की!"

"तुला दिसतंय, मला दिसतंय. कागदाला माहीत नाही. आणि आपण कागदाला विचारतोय."

स्कोव्हियाने गाल फुगवले. ती आधी बाजारात जुने कपडे विकायची. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून त्याचा खिसा वाचणारी बाई. तिला 'माहीत नाही' म्हणणं म्हणजे दुकान बंद करण्यासारखंच.

मग सरांनी बाकीचे नियम सांगितले. एक फाईल दोघींनी वाचायची, वेगवेगळी, एकमेकींना न विचारता. शुक्रवारी दोघींचे आकडे समोरासमोर ठेवायचे. जिथे जुळणार नाहीत तिथे फाईल उघडून भांडायचं. बोट कागदावर ठेवून भांडायचं. पेशंटचं नाव पांढऱ्या पट्टीने झाकलेलं असेल, ते खरवडायचं नाही. आणि तरीही फाईल ओळखीच्या माणसाची आहे असं कळलं, तर हात वर करून ती देऊन टाकायची.

"नाही दिली तर?"

"मग दोघींचीही नोंद बाद. फाईलच कामातून बाद. ते बाळंतपण आपल्या मोजणीत झालंच नाही असं समजा."

अमोदिंगने वर पाहिलं.

"आता शेवटचं. एकच रकाना असा आहे की तिथे डोकं चालवायला परवानगी आहे. मूल जिवंत जन्मलं की मेलेलं." सरांनी खडू खाली ठेवला. "नर्स माणूसच आहे. घाईत चुकीच्या चौकटीत खूण करते, किंवा कोणीतरी तिला करायला लावतं. म्हणून तिथे नुसती चौकट पाहायची नाही. सगळी फाईल वाचायची. मुलाला लस दिली? ठोके मोजले? डोळ्यांत मलम घातलं? मेलेल्या मुलाच्या डोळ्यांत कोणी मलम घालत नाही. असं काही सापडलं तर चौकट काहीही म्हणो, तुम्ही एक घालायचा. जिवंत."

अमोदिंगने ते वहीत उतरवून घेतलं. बाकी सगळं तिने अर्धं ऐकलं होतं. हे मात्र शब्द न शब्द.

ती याचसाठी आली होती. हॉस्पिटलच्या फाटकावर जाहिरात लागली तेव्हा तिने दोनच शब्द पाहिले, बाळंतपणाच्या फायली. त्यांत तिचीही असणार. ती कधीतरी हातात येईल, मग ती मुलाच्या रकान्यात एक घालेल, आणि संपलं. त्यापुढे तिने काही ठरवलं नव्हतं.

तिचा मुलगा रडला होता.

पोट फाडून बाळंतपण झालं तेव्हा तिचं कंबरेखालचं अंग बधिर केलेलं होतं, मधे हिरवा पडदा. पडद्याच्या पलीकडे करडू ओरडतं तसा आवाज आला, एकदा, मग थोडा लहान, पुन्हा एकदा. मग पावलांची धावपळ. मग सासू दाराशी नर्सला हळू आवाजात म्हणत होती, "लिही की रडलाच नाही. माझ्या पोरी, तेवढं कर. रडून मग गेला असं लिहिलंस तर त्याला मढ्यांच्या थंड खोलीत ठेवतील, कागद मागतील, पुरुष बोलवावे लागतील. हिचा नवरा ओकिया जुबाच्या रस्त्यावर ट्रक घेऊन गेलाय. मी एकटी बाई कुठे कुठे फिरू? न रडलेला आहे म्हण, मी आत्ता कापडात गुंडाळून घरी नेते."

नर्स चांगली होती. तिने तसं लिहिलं.

आमच्याकडे रडलेल्या मुलाचं आणि न रडलेल्याचं सारखं नसतं. रडलेला घटकाभर जगला तरी त्याला नाव मिळतं, अंगणात आजोबांच्या शेजारी जागा मिळते, आणि त्याच्या आईला त्या नावाची तोतो म्हणतात. तोतो म्हणजे आई. पहिलं मूल झालं की बाईचं माहेरचं नाव गळून पडतं. सासूला सगळं गाव तोतो ओकिया म्हणतं. तिचं स्वतःचं नाव काय होतं, हे अमोदिंगला आजही माहीत नाही. न रडलेल्याला मात्र बायका बायकाच धान्याच्या कोठाराच्या मागे ठेवून येतात. त्याचं नाव नाही, आणि त्याची तोतोही नाही.

म्हणून अमोदिंग अमोदिंगच राहिली.

अंगाची बधिरता संध्याकाळी उतरेल असं डॉक्टर म्हणाले होते. पायांतली उतरली. बाकीची कधी उतरेल, ते तिने कोणाला विचारलं नाही.

*

काम अंगवळणी पडलं. फाईल उघडायची. वय, कितवी खेप, कुठल्या गावाहून, कशावर बसून आली. एक, दोन, नऊ. नऊच जास्त. स्कोव्हिया शेजारच्या टेबलावर बसून, बोलायची बंदी असताना, फायलींशी बोलायची.

"ये गं, तोतो मोटरसायकल. फाटकातच बाळंत झालीस होय? शाब्बास. आणि ही आली तोतो चार पिशव्या. बाई, तुला मी एक घातला असता, पण सर म्हणतात नऊ. राग धरू नकोस."

"स्कोव्हिया," सर मान वर न करता म्हणायचे.

"डोळे आहे मी, सर. नुसते डोळे."

सुट्टीत आंब्याखाली चहा मिळायचा. चहावाली जाडजूड, प्रेमळ आणि चौकशीखोर. कोणाला हाक कशी मारायची हे कळल्याशिवाय तिचा हात किटलीकडे जात नसे.

"आणि तू कोणाची तोतो?" तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"मी अमोदिंग."

"ते माहेरचं झालं. लग्न झालंय ना? मूल?"

अमोदिंगने कप पुढे धरला. रिकामी जागा दिसली की स्कोव्हिया ती भरणारच.

"नऊ, तोतो, नऊ!" ती ओरडली. "लिहिलेलं नाही!"

सगळे खो खो हसले. चहावालीला कळलं नाही, तरी तीही हसली. अमोदिंगचे ओठ हलले. चहा गोड होता. तिने तो सगळा प्यायला.

त्यानंतर सुट्टीत सगळे तिला लाडाने नऊ म्हणायला लागले. तिने कोणाला अडवलं नाही. कोणाला काही माहीत नव्हतं, आणि जे माहीत नाही त्याचा राग तरी कसा धरायचा?

*

तिची फाईल एका मंगळवारी आली.

नावावर पट्टी होती. पण ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर अंगठा होता, जांभळा. त्या दिवशी शाईची उशी वाळून गेली होती. नर्सने जखमेला लावायचं जांभळं औषध कापसावर ओतून त्यात सासूचा अंगठा बुडवला होता. तो डाग पुढे कितीतरी दिवस सासूच्या नखाच्या कडेला राहिला. ती पीठ मळायची आणि पिठात तो अंगठा खालीवर व्हायचा. अमोदिंग बघत राहायची.

तिने हात वर केला नाही.

टॅब्लेटवर वय घातलं, आपलं. कितवी खेप? पहिली. गाव. कशावर आली? शेजाऱ्याच्या सायकलच्या कॅरियरवर, पण ते लिहिलेलं नव्हतं. नऊ. भूल कुठली, टाके कुठले, रक्त चढवलं का. बोट चाललं होतं. मधेच तिला वाटलं, आता छातीत काहीतरी होईल. तिने थोडी वाट पाहिली. पंखा फिरत होता. कोणीतरी शिंकलं.

मूल. मुलगा. वजन लिहिलेलं. रडलं का? कोरं. नऊ. जन्मताना स्थिती? चौकटीतली खूण स्पष्ट होती, शाई दाबून केलेली. मेलेलं.

तिने दोन घातला.

पुढचं पान, पुढचा प्रश्न. घरी सोडलं कधी. टाके काढायला परत आली का. नाही. फाईल मिटली, सुतळी बांधली, स्कोव्हियाच्या ट्रेमध्ये ठेवली. खिडकीतून गावातला मोठा खडक दिसत होता, त्याच्यावर कावळे बसले होते. तिने पुढची फाईल उघडली, अर्धी भरली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण दोन घातला.

हात मांडीवर पडून होता, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा.

आता काय करता येईल? टॅब्लेटमधून एकदा पाठवलेला आकडा आपल्याला बदलता येत नाही. सरांना सांगितलं तर ते विचारतील, का? आणि का ते सांगितलं की फाईलच बाद. मग ना एक, ना दोन. दोन तरी मोजला जातो, असं तिला वाटलं. मग वाटलं, हे काय आपण वाटून घेतोय? मग काहीच वाटलं नाही.

घरी सासूने नाचणीचा उकडीसारखा घट्ट अतापा केला होता, चिंच घालून, बरोबर चवळीचा पाला शेंगदाण्याच्या कुटात.

"अमोदिंग, पाणी आण," सासू म्हणाली.

तिने आणलं.

*

शुक्रवारी टेबलं जोडून समोरासमोर बसायचं. सर मधे. ते आकडे वाचायचे आणि दोघींचे जुळले नाहीत की पेन्सिल आपटायचे.

"पुढची. अमोदिंग, मुलाची स्थिती दोन. स्कोव्हिया, एक." पेन्सिल. "फाईल काढा."

स्कोव्हियाने गठ्ठ्यातून काढली. जांभळा अंगठा तिने लांबूनच ओळखला. "अरे, ही तर माझी तोतो जांभळा अंगठा! सर, हिच्यासाठी मी भांडणार. आज मी कोणाला सोडणार नाही."

"बोट कागदावर ठेवून भांड."

"ठेवते ना. हे बघा." तिने पान सरळ केलं. "चौकट म्हणते मेलेलं. मान्य. खूणही अशी दाबून केलीय, जणू कोणी मागे उभं राहून करून घेतलीय. पण आता इथे या. मुलाला काय काय दिलं त्याची यादी. पुसलं, खूण. गुंडाळलं, खूण. डोळ्यांत मलम…" तिने बोट तिथे रोवलं. "खूण! बारीक आहे, पण आहे. सर, मेलेल्या मुलाच्या डोळ्यांत मलम कोण घालतं? तुम्हीच म्हणालात. मी तर वहीत लिहून घेतलं नव्हतं, हिने घेतलं होतं! आणि हिनेच घातला दोन! अगं नऊ, तुझं लक्ष कुठे होतं?"

अमोदिंग त्या खुणेकडे पाहत होती. मलम घातलं हे तिला माहीतच नव्हतं. पडद्यापलीकडचं तिने फक्त ऐकलं होतं. म्हणजे कोणीतरी त्याच्या पापण्या बोटांनी उघडल्या होत्या. त्याच्या डोळ्यांचं चांगलं व्हावं म्हणून.

"अमोदिंग," सर म्हणाले, "तुझी बाजू?"

"चौकट दोन आहे," ती म्हणाली.

"एवढंच?"

"चौकट स्पष्ट आहे."

"स्पष्ट!" स्कोव्हिया उसळली. "चौकटीला काय, एक रेघ! इथे कोणीतरी हाताने बाळाचे डोळे उघडलेत. तुला दिसत कसं नाही? बाजारात सदरा बघताना आपण खिसा उलटा करून बघतो की नाही? तू खिसाच बघितला नाहीस. ही बाई, कोण असेल ती, हिला मूल झालं, ते जिवंत होतं, आणि तू तिला सरळ दोन घालून मोकळी झालीस. माझ्या तोतोला!"

"स्कोव्हिया, हळू. भांडण कागदाशी आहे, अमोदिंगशी नाही."

अमोदिंगच्या तोंडात वाक्य तयार होतं. रडला होता तो. दोनदा. एवढंच म्हटलं असतं तर स्कोव्हिया गप्प झाली असती, आयुष्यात पहिल्यांदा. आणि सरांनी फाईल उचलून लाल ट्रेमध्ये टाकली असती. बाद. मग ही बारीक खूण कुठेच मोजली गेली नसती. तिने ते वाक्य गिळलं. फार जड गेलं नाही. गिळायची सवय होती.

"मी मलम पाहिलं नाही," ती म्हणाली. "स्कोव्हियाचं बरोबर आहे. एक."

"ती ओरडते म्हणून मान्य करू नकोस."

"नाही सर. कागदावर आहे म्हणून."

सरांनी फाईल आपल्याकडे ओढली, चष्मा वर केला, खूण पाहिली, चौकट पाहिली, पुन्हा खूण पाहिली. खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवली. अमोदिंगने टेबलाखाली आपली बोटं एकात एक अडकवली, तेव्हा तिला कळलं की ती गार पडलीत.

"एक," सर म्हणाले, आणि लिहिलं. "जिवंत जन्मलं. आता मग पुढचा रकाना उघडतो. किती वेळ जगलं?"

दोघींनी फाईल चाळली. पान उलटलं, परत उलटलं. स्कोव्हियाने संमतीच्या कागदाच्या मागची बाजूसुद्धा पाहिली.

"नाही लिहिलेलं," ती म्हणाली. तिचा आवाज उतरला होता.

"अमोदिंग?"

दोन रडण्यांच्या मधली जागा, धावणारी पावलं, दाराशी सासूचं बोलणं सुरू झालं तोवर. तिने ते आजवर इतक्यांदा मनात चालवलं होतं की तोंडाने सांगता आलं असतं.

"नऊ," ती म्हणाली.

"नऊ," सरांनी लिहिलं. "पुढची."

स्कोव्हियाने फाईलला सुतळी बांधली आणि वरून हळूच थापटलं, लेकराला थापटतात तसं. "घे बाई," ती म्हणाली. "नाव काही आम्हाला माहीत नाही तुझं. पण झालीस तोतो."

अमोदिंगने पुढची फाईल सरांच्या हातात दिली.

सुट्टीत स्कोव्हिया तिच्या शेजारी येऊन बसली, खारे शेंगदाणे पुढे करत. "रागावलीस? माझं तोंड असं. त्या बाईचं वाईट वाटलं गं. कोण असेल ती, तिला कोणी सांगणारही नाही."

"नाही सांगणार," अमोदिंग म्हणाली.

"शेंगदाणे घे."

तिने घेतले.

*

संध्याकाळी सासू अंगणात नाचणी पाखडत होती. सूप वर जायचं, भुसा उडायचा, सूप खाली यायचं. अमोदिंग शेजारी बसून खडे वेचायला लागली.

"आज काय केलंत तिथे?" सासूने विचारलं. ती रोज विचारायची, आणि अमोदिंग रोज म्हणायची, फायली.

"आज एका मुलाच्या कागदातली चूक सुधारली," अमोदिंग म्हणाली. "मेलेलं जन्मलं असं लिहिलं होतं. ते जिवंत होतं. त्याच्या डोळ्यांत मलम घातलं होतं."

"कोणाचं मूल?"

"नाव झाकलेलं असतं, तोतो."

सूप वर गेलं, खाली आलं.

"अंगठा नसतो झाकलेला," अमोदिंग म्हणाली. "जांभळा होता."

सूप थांबलं. सासूने ते मांडीवर ठेवलं. तिने अंगठ्याकडे पाहिलं नाही. त्याच्यावर आता काही नव्हतंच. ती कोठाराकडे पाहत राहिली, त्याच्या मागच्या बाजूला, जिथे उन्हं आधी संपतात. अमोदिंगला वाटलं, ती आता रडेल, किंवा नर्सला शिव्या देईल, किंवा म्हणेल, मी एकटी बाई काय करणार होते. तिने कशाचीच घाई केली नाही.

"त्या दिवशी," सासू म्हणाली, "मला वाटलं होतं, तू ऐकलं नसशील."

"ऐकलं होतं."

"दोनदा रडला."

"हो. दोनदा."

सासूने मान हलवली. पुन्हा सूप उचललं, आणि पाखडलं नाही, तसंच धरून ठेवलं.

"पाणी आण," ती म्हणाली.

रोज त्या वाक्याच्या आधी 'अमोदिंग' हे नाव असायचं. आज नव्हतं. दुसरंही काही नव्हतं. सासूचे ओठ त्या जागेसाठी हलले, काहीतरी शोधल्यासारखे, आणि ती जागा रिकामीच ठेवून मिटले.

अमोदिंग उठली. माठावरचं झाकण काढलं, कप बुडवला. पाणी गार होतं, हे तिच्या बोटांना कळलं. तिने कप भरून आणला आणि दोन्ही हातांनी सासूसमोर धरला.